गुरुवार माझा

दारावरच्या फरशीत अजून "रिबी" लिहिलंय.
रिबी म्हणजे मासे.
पांढऱ्यावर निळी अक्षरं, एका अक्षराचा टवका उडालेला.
ती काढून टाकायचं आम्ही तीनदा ठरवलं,
तिन्ही सभा भाड्यावरच संपल्या.

हे वूच शहर.
सूतगिरणीची चिमणी आहे, धूर नाही.
ट्राम वळली की काच थरथरते
आणि चित्रं केसभर डावीकडे झुकतात.
ती सरळ करायचा गुरुवार माझा,
बुधवार याग्नाचा, शुक्रवार वितोल्दचा,
शनिवारी ज्याला जमेल तो, म्हणजे पुन्हा याग्ना.

जमिनीतली मोरी आम्ही बुजवली नाही.
दमट दिवसांत तिच्यातून चाळीस वर्षं वर येतात
आणि ओल्या रंगाला हेरिंगचा वास लागतो.

महापालिकेला आकडा हवा असतो,
म्हणून माझ्या मुठीत टिचकीचं यंत्र.
पोस्टमन, एक.
गारांतून आत शिरलेलं जोडपं, दोन.
शेजारचा ओलेक, दिवसातून सात वेळा, सात;
त्याच्या घरी वायफाय नाही.
कुत्र्यावरून वाद झाला.
याग्ना म्हणाली, तो थांबला, त्यानं मान वाकडी करून बघितलं,
वॉर्सातून आलेल्या समीक्षकानं एवढंही केलं नव्हतं.
टिच.

नोव्हेंबरात वितोल्दनं मागच्या खोलीत
छतातून थेंब पाडला.
एक थेंब. मग बराच वेळ काही नाही.
मग एक थेंब, खाली पितळेची परात.
हा वेग त्याच्या आईच्या सलाइनचा,
शेवटच्या आठवड्यातला.
हे भिंतीवर लिहिलेलं नव्हतं,
शिडी धरताना तो मला बोलून गेला.

वरच्या मजल्यावरच्या गेनोवेफाबाईंनी प्लंबर बोलावला.

तो आला. टोपी काढली.
पाना पिशवीतच राहिला.
वीस मिनिटं मान वर करून उभा.
उद्घाटनाला सत्तर माणसं होती, वाइनच्या ग्लासांसकट,
त्या खोलीत कुणी दोन मिनिटंही टिकलं नव्हतं.
मग म्हणाला,
"ही गळती नाही.
गळतीला एवढा धीर नसतो.
कुणीतरी वाट बघतंय."
आणि वर जाऊन गेनोवेफाबाईंकडून
येण्याचे एकशेवीस झ्लॉटी घेतले.

वितोल्द दोन दिवस कुणाशी बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीवरचा सगळा मजकूर खरवडून काढला,
नुसतं नाव ठेवलं. मग तेही काढलं.

बाई खाली आल्या, एकशेवीस मागायला.
गल्ल्यात चाळीस आणि एक परदेशी नाणं.
याग्नानं त्याऐवजी एक मुद्राचित्र देऊ केलं.
"माझ्या भिंती भरल्यात," बाई म्हणाल्या.
शेवटी ठरलं, दर गुरुवारी दहा.
म्हणजे दर गुरुवारी त्या.
ओव्हरकोट न काढता, हात पुढे,
आम्ही काय टांगलंय तिकडे नजरही नाही.
मी दहाची नोट देते आणि हळूच,
टेबलाखाली,
टिच.

फेब्रुवारीत बारावा हप्ता.
नोट पाकिटात ठेवून त्या आज निघाल्या नाहीत.
मागच्या खोलीत गेल्या.
तिथं काही नव्हतं. परात केव्हाच गेली होती,
छतातलं भोक लिंपलेलं,
रंगाची छटा जरा चुकलेली.
त्यांनी वर बघितलं. मी दारात.
"बंद केलंत?"
प्रदर्शन संपलं, मी म्हटलं.
"मला रात्री ऐकू यायचं.
आधी चीड यायची.
मग पुढच्या थेंबाआधी झोप लागायची."

यंत्र मुठीत होतं. बाई आधीच मोजल्या होत्या.

"आता काय लावणार?"
अजून ठरलं नाही. सोमवारी सभा आहे.
"किती वाजता?"
सोमवारी बंद असतं, मी म्हटलं.

सोमवारी सहाला त्या आल्या,
स्वतःची खुर्ची घेऊन,
आणि बसायच्या आधीच विचारलं,
इथलं भाडं भरतं कोण?